बीज आणि प्राक्तन

प्राणहितेच्या पश्चिमेस, नदीपासून फार दूर नसलेले बेज्जूर हे गाव आमच्या वाचकांपैकी थोड्यांच्याच पाहण्यात असेल. पूर्वी ते निजामाच्या राज्यातील आदिलाबाद जिल्ह्यात होते. १९५६ साली भाषावार प्रांतरचनेत ते आंध्र प्रदेशात गेले, आणि २०१६ पासून कुमुरम भीम आसिफाबाद या नव्या जिल्ह्यात मोडते. नदी ओलांडली की महाराष्ट्र. भोवती सागाचे रान, गोंड व कोलामांची वस्ती, आणि तेलुगू शेजाराच्या सोबतीने पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आलेली काही घरे. अशाच एका घरी सोयरिकीच्या कामी मध्यस्थ म्हणून आम्हांस जावे लागले. तेथे जे घडले त्याची टोचणी अद्याप मनातून गेलेली नाही.

मुलगी शिकलेली व कामसू होती. पत्रिका जुळली होती, देण्याघेण्याचा प्रश्न नव्हता, आणि मुलाकडील मंडळी सुशिक्षित, मोकळ्या मनाची म्हणून आमच्या परिचयाची होती. ओसरीच्या टोकाला मुलीचे आजोबा बसले होते. त्यांच्या उजव्या हाताची बोटे तळव्याकडे वळलेली होती. तरुणपणी त्यांना रक्तपिती झाली होती; डिचपल्लीच्या इस्पितळात उपचार झाले, पुढे नवी औषधे आली, रोग केव्हाच गेला; बोटे तेवढी तशी राहिली. घरच्यांनी यातले काहीच लपविले नाही. चहापाणी झाल्यावर मुलाच्या काकांनी आम्हांस अंगणात नेले आणि हळूच म्हणाले, “मास्तर, आम्ही काही गेल्या जन्मीचे पाप वगैरे मानणारी माणसे नव्हे. पण हे जीन्समध्ये असते असे आता शास्त्रच सांगते. उद्या मुलाबाळांत उतरले तर?”

आम्हांस त्या प्रश्नाचे उत्तर अर्धेमुर्धे ठाऊक होते. तरी आम्ही “विचार करून सांगा” एवढेच म्हणालो. सोयरीक मोडली. निघताना आजोबांनी विचारले, “मास्तर, आमच्या रक्तातच आहे का हो हे?” वाचून सांगतो, असे आम्ही त्यांना म्हणालो. ते वाचन पुढे बरेच महिने चालले, आणि हा लेख त्यातूनच झाला आहे.

काकांचे बोलणे नवे होते असे मात्र नाही. आपल्या जुन्या ग्रंथांत ते अधिक स्पष्टपणे आलेले आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात विवाहासाठी वर्ज्य अशी दहा कुळे सांगितली आहेत. ती गाईगुरांनी व धनधान्याने कितीही संपन्न असली तरी टाळावीत असे म्हटले आहे, आणि त्यांत श्वित्राची व कुष्ठाची कुळे आहेत. अकराव्या अध्यायात निरनिराळ्या पापांची चिन्हे देहावर कशी उमटतात त्याची यादी आहे. तेथे वस्त्र चोरणाऱ्याला श्वित्र होते असे सांगितले आहे. श्वित्र म्हणजे कोड. त्याचा रक्तपितीशी काडीचाही संबंध नाही, पण दोहोंची गल्लत करून कोड असलेल्या मुलींची लग्ने अडविणारी घरे आजही आहेत, हे जाता जाता नमूद करणे भाग आहे.

याहून विचार करावयास लावणारा ग्रंथ सुश्रुताचा. त्याच्या निदानस्थानातील कुष्ठाच्या एकाच अध्यायात तीन निरनिराळी मते शेजारी शेजारी बसलेली आहेत. मातापित्यांचे शुक्रशोणित कुष्ठाने दूषित असेल तर अपत्यही कुष्ठी होते, हे एक. ब्रह्महत्या, स्त्रीहत्या, परधनहरण यांसारख्या कर्मांनी हा पापरोग जडतो, हे दुसरे. आणि एकत्र बसणे, निजणे, जेवणे, एकमेकांची वस्त्रे वापरणे यांमुळे कुष्ठासारखे रोग एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातात, हे तिसरे. बीज, कर्म आणि संसर्ग. ‘कुष्ठ’ या शब्दाने त्या काळी अठरा प्रकारचे त्वचारोग दाखविले जात, हे ध्यानात ठेवले तरी या तीन कल्पनांनी पुढील दोन हजार वर्षे आपल्या समाजाचे मन व्यापले, यात शंका नाही. मौजेची गोष्ट अशी, की वैद्याने ज्या मताच्या आधारे रोग्याचे अंथरूण वेगळे करावयास सांगितले, ते समाजाने सोईपुरते घेतले. आणि ज्या दोन मतांनी रोग्याला व त्याच्या वंशाला दोष देता येत होता, ती मात्र पूर्णपणे स्वीकारली.

हा दोष एकट्या आपला नाही. युरोपात नॉर्वे देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर एकोणिसाव्या शतकात हा रोग पुष्कळ होता. बेर्गेन येथील प्रख्यात वैद्य डॅनिएल्सन याने ऐन उमेदीची वर्षे या रोगाला वाहिली. हा रोग लागट आहे की काय हे पाहण्यासाठी त्याने रोग्यांच्या गाठींतील द्रव्य स्वतःच्या शरीरात टोचून घेतले. रोग झाला नाही. तेव्हा तो संसर्गाने होत नसून वंशपरंपरेने येतो, असा निष्कर्ष त्याने काढला. लंडनच्या वैद्यक महाविद्यालयानेही १८६७ साली तो लागट नसल्याचाच निर्वाळा दिला. पुढे डॅनिएल्सनचाच जावई गेरहार्ड हान्सेन याने १८७३ साली रोग्यांच्या गाठींत काडीच्या आकाराचे सूक्ष्म जंतू पाहिले आणि सासऱ्याचे मत खोडून काढले. मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील हेन्री व्हँडाइक कार्टर हा त्याच वर्षी नॉर्वेत जाऊन आला, आणि हान्सेनचा शोध हिंदुस्थानात आणणाऱ्यांपैकी तो पहिला. हान्सेनच्या चरित्राला एक काळा डागही आहे. १८७९ साली त्याने एका रोगी स्त्रीच्या डोळ्यात तिच्या संमतीवाचून रोगद्रव्य टोचले, आणि न्यायालयाने त्याला दोषी ठरवून इस्पितळातील जागेवरून दूर केले. सत्याचा शोध लावणारा माणूस सर्व बाबतींत न्यायी असतोच असे नाही.

जंतू सापडला तेव्हा वंशाचा वाद मिटला, असे पुष्कळांना वाटले. परंतु डॅनिएल्सनला रोग का झाला नाही, हा प्रश्न तसाच राहिला होता. त्याचे उत्तर आज मिळते, ते असे: शंभरांपैकी सुमारे पंचाण्णव माणसांच्या शरीरांत या जंतूचा प्रतिकार करण्याची शक्ती निसर्गतःच असते. जंतू आत शिरला तरी तो तेथे रुजत नाही. उरलेल्या थोड्यांच्या शरीरात तो रुजू शकतो, तोही बहुधा दीर्घ व निकटच्या सहवासाने. आणि लक्षणे दिसावयास सरासरी पाच वर्षे, कधी वीस वर्षेही लागतात. म्हणजे डॅनिएल्सन हा बहुसंख्यांपैकी एक होता. त्याच्या शरीराच्या प्रतिकारशक्तीने त्याला वाचविले, आणि त्याच शक्तीने त्याच्या बुद्धीला फसविले.

ही शक्ती कोठून येते? येथे काकांचा प्रश्न पुन्हा उभा राहतो, आणि तो टाळून चालणार नाही. चक्रवर्ती व फोगेल या संशोधकांनी १९७३ साली जुळ्या भावंडांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील जुळी पश्चिम बंगालमधून आणि त्या वेळच्या आंध्र प्रदेशातून, म्हणजे ज्यात तेव्हा आदिलाबाद जिल्हाही मोडत असे त्या प्रांतातून, घेतलेली होती. एकाच बीजापासून झालेल्या, अगदी सारख्या जुळ्यांच्या बासष्ट जोड्यांपैकी सुमारे साठ टक्के जोड्यांत दोघांनाही रोग झालेला होता. दोन वेगळ्या बीजांपासून झालेल्या जुळ्यांच्या चाळीस जोड्यांत हे प्रमाण वीस टक्के होते. दोन्ही प्रकारची भावंडे एकाच घरात, एकाच ताटात वाढलेली. फरक बीजाचाच. अशा अभ्यासात दोघेही आजारी असलेली जोडी नजरेस चटकन येते, त्यामुळे आकडे थोडे फुगलेले असू शकतील. तरी प्रवणतेत अनुवंशाचा वाटा आहे, एवढे त्यावरून मानावेच लागते. पुढे २००४ साली व्हिएतनाम व ब्राझील येथील कुटुंबांच्या अभ्यासात, आणि २००९ साली चीनमधील मोठ्या अभ्यासात, या प्रवणतेशी जोडलेली काही जनुके प्रत्यक्ष सापडली. रोग होतो की नाही यातच नव्हे, तर तो सौम्य रूपाने येतो की उग्र, यातही शरीराच्या या जन्मजात घडणीचा हात असतो.

मग काकांचेच खरे ठरले की काय? आम्हांस तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण त्याच आकड्यांत आहे. साठ टक्क्यांच्या दुसऱ्या बाजूस चाळीस टक्के आहेत. ज्यांचे सर्व बीज तंतोतंत एक, अशा जुळ्यांतही चाळीस टक्के जोड्यांत एकाला रोग झाला व दुसऱ्याला झाला नाही. रक्तात लिहिलेले जर विधिलिखित असते, तर हे घडतेच ना. शिवाय बीज केवळ प्रवणता देते; जंतू देत नाही. ज्या घरात जंतू नाही तेथे सर्वांत दुबळे बीजही सुखाने ऐंशी वर्षे जगते. हान्सेन पुढे अमेरिकेत गेला, तेथे जाऊन वसलेल्या नॉर्वेजियन रोग्यांची मुले-नातवंडे त्याने शोधली. त्यांच्यात त्याला हा रोग आढळला नाही. बीज तेच होते. नव्या देशात घरे बदलली, दाटी गेली, एवढेच. बेज्जूरच्या त्या आजोबांचा रोग औषधाने समूळ गेला, त्याला किती वर्षे झाली. त्यांच्या नातीच्या मुलांना तो कोठून होणार? तिच्या रक्तात फार तर एक शक्यता असेल. आणि तशी शक्यता ज्याच्या रक्तात कोणत्याच रोगाची नाही, असे कूळ आम्हांस तरी माहीत नाही.

या शेवटच्या गोष्टीवर थोडे थांबले पाहिजे, कारण ‘चांगले रक्त’ ही कल्पना आपल्या समाजाच्या फार जिव्हाळ्याची आहे. व्हिएतनामच्या अभ्यासात सापडलेले जनुक आधी कंपवाताच्या एका प्रकारात ओळखले गेले होते. चीनमधील अभ्यासात सापडलेल्या जनुकांपैकी काही आतड्यांच्या चिवट दाहाशीही निगडित आहेत. याहून चमत्कारिक गोष्ट म्हणजे, जंतूची चाहूल घेणाऱ्या एका ग्राहकाचा असा एक प्रकार आहे, की तो आपले काम नीट करीत नाही; आणि तो ज्यांच्याजवळ असतो त्यांना रक्तपितीची भीती कमी असते. युरोपात तो पुष्कळांजवळ आहे, आपल्याकडे क्वचित. म्हणजे येथे उणीव हीच ढाल झाली. अशा ठिकाणी कोणत्या बीजाला उत्तम म्हणावे आणि कोणाला हीन? मनूने दहा कुळे वगळली. आजच्या ज्ञानाने तशी यादी करावयास बसलो तर वगळण्यासारखी कुळे संपणार नाहीत, आणि लग्ने मात्र थांबतील.

पण आमच्या मते खरा प्रश्न याच्याही खाली आहे. ज्यांना रोग होतो त्यांच्याविषयी आपण शेकडो वर्षे विचारीत आलो: यांनी काय केले असेल? ज्यांना होत नाही त्या पंचाण्णवांविषयी हा प्रश्न कोणी विचारला नाही. आपण निरोगी आहोत हे आपल्याला नेहमीच आपल्या शुचितेचे, आचाराचे, निदान पूर्वपुण्याईचे फळ वाटत आले. देवळाच्या पायऱ्यांवर बसलेल्या रोग्याच्या हातावर नाणे टाकताना आपण दोन हिशेब एकदम करीत होतो: त्याच्या पापाचा आणि आपल्या पुण्याचा.

येथे दोन माणसे आमच्या डोळ्यांपुढे येतात. बेल्जममधील फादर डॅमियन १८७३ साली हवाई बेटांपैकी मोलोकाई येथील रोग्यांच्या वसाहतीत जाऊन राहिला. त्यांच्या जखमा बांधल्या, त्यांची घरे उभारली, त्यांच्या शवपेट्या स्वतः केल्या. त्याला रोग झाला, आणि १८८९ साली तो त्याच रोगाने मेला. दुसरे आमच्याच मुलखातले, बाबा आमटे. प्राणहितेच्या पलीकडचा मुलूख १९८२ पर्यंत चंद्रपूर जिल्ह्यातच होता, आणि त्या जिल्ह्यातील वरोड्याजवळ त्यांनी आनंदवन उभे केले. वरोड्याच्या रस्त्यावर पावसात पडलेल्या तुळशीरामाला पाहून आपण भ्यालो, पळालो, आणि त्या भीतीची लाज वाटून परत फिरलो, हे त्यांनी स्वतःच जगाला सांगितले. पुढे कलकत्त्यास या रोगाचे शिक्षण घेत असता, जंतूंच्या प्रयोगासाठी त्यांनी आपले शरीर देऊ केले. जंतू टोचले गेले. रुजले नाहीत.

आपल्यातील भाविक मन लगेच म्हणेल, एवढ्या पुण्यवान माणसाला रोग कसा होईल! पण मग डॅमियनला का झाला? त्याच्या पुण्यात काय कमी होते? जे मन आमट्यांच्या निरोगी शरीरात पुण्याचा पुरावा पाहते, त्याला डॅमियनच्या सडलेल्या हातांत पापाचा पुरावा पाहावाच लागेल. आणि तसे म्हणण्याची कोणाची छाती होईल असे वाटत नाही. या दोघांनी सेवा केली, हे त्यांचे कर्तृत्व. एकाचे शरीर जंतूला जुमानले नाही आणि दुसऱ्याचे झुकले, यात त्या दोघांचेही काही नाही. ते त्यांना जन्मतः मिळालेले होते, नाकाचा आकार मिळावा तसे. आजोबांची वळलेली बोटे आणि काकांचे सरळ हात यांतील भेद याच जातीचा आहे. काकांनी आपले हात कमावलेले नाहीत.

हे मान्य केले की कर्मसिद्धांत बुडाला, असे आमच्या काही मित्रांस वाटते. आम्हांस ते पटत नाही. स्वतःवर संकट आले असता ‘हे माझे प्राक्तन’ असे म्हणून शांतपणे ते भोगणारा मनुष्य त्या सिद्धांतातून धैर्य घेतो. तो त्याचा अधिकार आहे. परंतु तेच वाक्य दुसऱ्याच्या दुःखाकडे बोट दाखवून उच्चारले की त्याचा अर्थच पालटतो. मग तो धीर राहत नाही, निकाल होतो. सांबाची कथा आपल्याला ठाऊक आहे. पुराणांनी श्रीकृष्णाच्या पुत्राला कुष्ठ दिले. शापाने दिले हे खरे, पण त्यासाठी कृष्णाचे कूळ सोयरिकीस वर्ज्य झाले, असे कोणत्याही पुराणात नाही. सूर्योपासनेने तो बरा झाला आणि घरी परतला. आमच्या देवस्थानांतून ही कथा सांगणाऱ्यांनी तो शेवटचा भागही सांगत जावा.

काका कर्म मानीत नव्हते; ते जनुक मानीत होते. आम्हांस भीती वाटते ती हीच. जुना शब्द गेला तरी जुनी क्रिया तशीच राहते. ‘कुळाचा डाग’ म्हणावयास आज जीभ अडखळते; ‘आनुवंशिक प्रवणता’ म्हणावयास अडखळत नाही, उलट थोडी प्रतिष्ठाच मिळते. कायद्याची गोष्टही पाहावी. या रोगाच्या उग्र प्रकाराने पीडित हिंदूला वारसाहक्क नाकारण्याची जुनी रीत १९२८ च्या कायद्याने मोडली. तरी १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात तो रोग घटस्फोटाचे कारण म्हणून राहिला. गुणकारी औषध तेव्हाही उपलब्ध होते, आणि १९८० नंतरच्या बहुविध औषधोपचाराने तर तो सहा महिन्यांत किंवा वर्षभरात पूर्ण बरा होऊ लागला. ते कलम निघावयास २०१९ साल उजाडले. शहाण्या माणसांच्या विधिमंडळाला जे समजावयास एवढा काळ लागला, ते ओसरीवरच्या एका काकांना एका दुपारी समजावे, ही अपेक्षा कदाचित जास्त असेल. तथापि आम्ही गप्प बसावयास नको होते.

अनुवंशाचे ज्ञान व्यर्थ आहे असे आमचे म्हणणे नाही. त्याचा उपयोग उलट्या दिशेने करावयाचा आहे. एखाद्या घरात नवा रोगी सापडला तर त्याच्या सख्ख्या नातलगांना सहवासामुळे आणि बीजामुळे, दोन्हींमुळे, इतरांहून धोका अधिक. म्हणून त्यांची तपासणी प्रथम व्हावी, वर्षावर्षाने व्हावी. बांगलादेशातील एका मोठ्या प्रयोगात रोग्याच्या संपर्कातील माणसांना रिफाम्पिसिनची एकच मात्रा दिल्याने पहिल्या दोन वर्षांत नवे रोगी सुमारे सत्तावन्न टक्क्यांनी कमी झाले, असे २००८ साली प्रसिद्ध झाले. आज आपल्याकडेही ती मात्रा देण्यात येते. २००५ च्या अखेरीस देशपातळीवर दर दहा हजारांत एकाहून कमी रोगी राहिले म्हणून रोगाचे दूरीकरण झाल्याचे जाहीर झाले. तरी त्यानंतरही भारतात वर्षाला लाखाच्या आसपास नवे रोगी सापडत आले आहेत, आणि ते जगातील निम्म्याहून अधिक आहेत. यांतले कित्येक उशिरा येतात. अंगावरचा बधिर चट्टा लपवून ठेवतात, कारण घरात लग्नाची मुलगी असते. म्हणजे काकांसारख्यांच्या भयाने रोग टळत तर नाहीच. तो चट्टा बोटांपर्यंत पोचावयास सवड मात्र मिळते.

गेल्या पौषात आम्ही पुन्हा बेज्जूरला गेलो. मुलीचे लग्न अद्याप ठरलेले नव्हते; त्याविषयी कोणी बोलले नाही. आजोबांना आम्ही वाचलेले सारे जमेल तसे सांगितले: बीजाचे, जुळ्यांचे, पंचाण्णव माणसांचे. त्यांनी मध्येच विचारले, “मग माझा भाऊ? एकाच चटईवर निजत होतो आम्ही. त्याला काही झालं नाही.” आम्ही म्हणालो, त्याच्या अंगात ती शक्ती असेल, किंवा जंतू त्याच्यापर्यंत पुरेसा पोचला नसेल, किंवा दोन्ही. ते थोडा वेळ गप्प बसले. मग आम्ही बाबा आमट्यांच्या प्रयोगाची हकीकत सांगितली. आनंदवन त्यांना ऐकून ठाऊक होते, ही गोष्ट ठाऊक नव्हती. ती ऐकून त्यांना हसू आले.

“त्यांनी मागून घेतला, तरी आला नाही,” ते म्हणाले. “मी तर मागितलाच नव्हता.”

एवढ्यात नातीने पाण्याची बादली व तेलाची वाटी आणून त्यांच्यापुढे ठेवली. बधिर पायांना भेगा पडू नयेत म्हणून ते रोज अर्धा तास पाय भिजवून तेल लावतात. पाणी फार कढत नाही ना, हे तिने आधी स्वतःचा हात घालून पाहिले.